रेसिडेन्सीच्या पहिल्या महिन्यांत ख्रिस्ती विश्वासाचा आधार नेमका कसा घ्यायचा?

तुम्ही लिहिलंय की मेडिसिनला जेआर वन (पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर) म्हणून लागून तीन महिने होत आले. गाव नगरकडचं, घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती मंडळीतलं. पण पुण्यात आल्यापासून रविवारची उपासना क्वचितच मिळते, बायबल उघडलं की डोळे मिटतात आणि वॉर्डात कुणी गेलं की प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत. विश्वास सुटत चाललाय का, आणि या दिवसांत त्याचा आधार घ्यायचा तर कसा, हा तुमचा प्रश्न. मी पुण्यात रेसिडेंट्सबरोबर काम करतो आणि मंडळीतलाच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट झोपेची. छत्तीस तास जागलेल्या माणसाला प्रार्थना कोरडी वाटणारच, त्याला समोरचं जेवणही गोड लागत नाही. यावरून विश्वासाचं निदान करू नका. बायबलमधलं 1 राजे 19 वाचा. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही, ‘ऊठ, खा’ एवढंच म्हणतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलेलं असतं. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावतो, कारण पुढची वाट मोठी आहे. देवाशी बोलणं होतं ते चाळीस दिवसांची चाल संपल्यावर, होरेब डोंगरावर. पोस्ट-ड्युटी, म्हणजे ड्युटी संपल्यानंतरच्या, दिवसाला हाच क्रम लावा: रूमवर पोचल्यावर आधी पोटात काहीतरी, मग अंघोळ, मग झोप, आणि उठल्यावर शास्त्र. झोपेआधी ‘निदान एक अध्याय तरी’ म्हणून बसलात तर दुसऱ्या वचनाला पेंगाल आणि वर अपराधी वाटेल. झोपताना स्तोत्र 4 चं शेवटचं वचन म्हणायचं आणि आडवं व्हायचं. ड्युटीरूममध्ये मधेच डोळा लावायचा असेल तर 20 मिनिटांचा गजर लावा. त्याहून लांबलं की गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढचा बराच वेळ डोकं जड राहतं. त्या जड डोक्याने औषधाचा डोस लिहू नका. आणि रात्रभर जागून दुचाकी चालवू नका, रिक्षा किंवा मेट्रोने जा.

उपवास-प्रार्थनेची सवय असेल तर इमर्जन्सी डेला (युनिटकडे तातडीचे रुग्ण येतात त्या दिवशी) उपवास करू नका. पाणी कमी पडतं, साखर उतरते आणि पहाटे तीनला ॲडमिशन घेताना चुका होतात. घरी ‘आजारी माणसांसाठी खाऊन उभी राहते’ असं सरळ सांगा.

आता रोजच्या प्रार्थनेकडे. सकाळचा अर्धा तास एकांत मनन ही चांगली सवय आहे, पण पहिल्या सहा महिन्यांत ती टिकणार नाही. ती मोडली की माणूस सगळंच सोडून देतो, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलं आहे. त्यापेक्षा प्रार्थना अशा कामाला बांधा जे तुम्हाला करावंच लागतं. तसं काम म्हणजे हात स्वच्छ करणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत अल्कोहोलच्या हँडरबला 20 ते 30 सेकंद आणि साबणपाण्याला 40 ते 60 सेकंद लागतात. प्रभूची प्रार्थना मनात म्हणायला साधारण अर्धा मिनिट लागतो. तळव्याला तळवा घासताना पित्याचं नाव, बोटांच्या बेचक्यांत रोजची भाकर, अंगठे चोळताना ऋणांची क्षमा, नखांशी ‘वाइटापासून सोडव’. दहाव्या बेडपर्यंत हे यंत्रासारखं व्हायला लागतं. त्यावर उपाय एकच: ज्या बेडकडे निघालात त्या रुग्णाचं नाव प्रार्थनेत घ्यायचं. नाव आठवलं नाही तर केसपेपरवर बघा, राउंडलाही उपयोग होतो. सर्जरीवाल्यांना स्क्रबची, म्हणजे ऑपरेशनआधी हात धुण्याची, दोन ते पाच मिनिटं मिळतात, स्तोत्र 23 त्यात आरामात बसतं.

नाइट ड्युटीसाठी एका रात्रीला एकच स्तोत्र धरा. 134 अवघ्या तीन वचनांचं आहे आणि रात्री देवाच्या घरात उभ्या राहणाऱ्या सेवकांसाठीच आहे. 130 मध्ये पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी आहेत. ज्या रात्री सगळंच बिघडतं त्या रात्रीसाठी 88. ते अंधारातच संपतं, शेवटी समाधानाची ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. फोनवर वाचायला गेलात तर युनिटचा ग्रुप आधी उघडेल, आणि खिशातला कागदी नवा करार स्पिरिटने पुसता येत नाही. म्हणून स्तोत्र हाताने कार्डावर लिहा, लॅमिनेट करा आणि आयडीच्या कव्हरमध्ये मागच्या बाजूला सरकवा. पुसता येतं आणि हाताशी राहतं.

रविवारबद्दल. पदव्युत्तर शिक्षणाच्या 2023 च्या नियमांत कामाच्या गरजेनुसार आठवड्याला एक सुट्टी आणि वर्षाला किमान 20 दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कार्यगटाने आठवड्याला 74 तासांहून जास्त काम नको अशी शिफारस केली. वॉर्डात हे किती पाळलं जातं ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण मागायला आधार आहे. सुट्टी रविवारीच मागत बसू नका. जो वार मिळेल तो शब्बाथ (विसाव्याचा पवित्र दिवस) माना, मार्क 2:27 मधलं ‘शब्बाथ माणसासाठी आहे’ हे त्यासाठीच आहे. कॅथलिक असाल तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा (उपासना) रविवारची धरली जाते, आणि आजाऱ्यांची सेवा हे न येण्याचं योग्य कारण मानलं जातं. फादरांशी एकदा बोलून मनातली टोचणी काढून टाका. प्रॉटेस्टंट असाल तर एकच मंडळी धरा, तीही हॉस्पिटलपासून जवळची. गुरुवार पेठेतलं पंचहौदाचं पवित्र नाम देवालय पेठांच्या भागात राहणाऱ्यांना जवळ, ससून रुग्णालयाच्या बाजूला सेंट पॉल्स, आणि कॅथलिकांसाठी क्वार्टर गेटचं सिटी चर्च. दर खेपेला नवं देवालय गाठलं तर सहा महिन्यांनीही तुम्हाला नावाने ओळखणारं कुणी नसेल. पहिल्याच भेटीत पाळकांना तुमचा इमर्जन्सी डे सांगा आणि त्या दिवशी घरच्या प्रार्थनेत नाव घ्यायला सांगा. पाळकांना आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना नक्की काय करायचं ते कळलं की ते मनापासून करतात. ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ एवढं मोघम सांगितलेलं मागे पडतं. डब्याची सोय विचारायलाही लाजू नका.

इथे एक सक्त सूचना. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रुग्णाचं नाव, बेड नंबर, आजार, फोटो काहीही टाकायचं नाही, प्रार्थनेसाठीसुद्धा नाही. ‘वॉर्डातल्या एका कुटुंबासाठी’ एवढं पुरे. एचआयव्हीबाबत तर 2017 च्या कायद्याने संमतीशिवाय माहिती उघड करायला मनाई आहे.

मृत्यूबद्दल तुम्ही जे लिहिलंय तेच या प्रश्नाचं खरं दुखणं आहे. कॅरॉटिड (मानेतली नाडी), हृदयाचे ठोके, श्वास, डोळ्यांच्या बाहुल्या तपासून, ईसीजीची सरळ पट्टी काढून, वेळ लिहून डिक्लेअर केलं की पुढची कामं लगेच मागे लागतात: डेथ समरी, मृत्यूच्या कारणाचा फॉर्म 4, एमएलसी (पोलिस केस) असेल तर पोलिसांना कळवणं. त्याआधी तीन श्वास बेडपाशी थांबा. मनात त्या माणसाचं नाव घ्या आणि ‘प्रभू, दया कर’ म्हणा. जास्त शब्द शोधू नका. मग मामांना (वॉर्डबॉयला) पडदा ओढायला सांगा, चादर नीट करा आणि नातेवाइकांकडे जा. जाण्याआधी कोण मुलगा, कोण सून ते सिस्टरकडून माहीत करून घ्या. त्यांना बसवा, स्वतःही बसा, आणि ‘त्यांचा मृत्यू झाला’ हे स्पष्ट शब्दांत सांगा. ‘सिरियस आहेत’ असं घोळवलं तर ते आशेवर राहतात आणि नंतर तेच भांडणाचं मूळ होतं. ‘देवाची इच्छा’ हे शब्द तोंडातून काढू नका. लाजराला उठवणार हे माहीत असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला, कारणं देत बसला नाही. तुम्हाला रडू आलं तर ड्युटीरूममध्ये पाच मिनिटं रडा, तोंड धुवा, मग पुढच्या ॲडमिशनकडे जा. पोस्ट-ड्युटीला त्या नावासह एक ओळ वहीत लिहा, पण ती वही रूमवरच ठेवा. महिनाअखेरीस पाळकांबरोबर किंवा विश्वासू मित्राबरोबर प्रार्थनेला बसाल तेव्हा त्या ओळी समोर ठेवा, रुग्णांची ओळख न सांगता. हे न केलेले रेसिडेंट दोन-तीन महिन्यांत बधिर होतात, आणि तो बधिरपणा त्यांना विश्वास गेल्यासारखा वाटतो.

तुमच्या हातून चूक झाली असं वाटलं तर क्रम असा: रुग्ण आधी स्थिर करा, लगेच सीनियरला सांगा, केसपेपरवर खरी वेळ टाकून लिहा, आणि मग क्षमा मागा. आधी प्रार्थना करून मन हलकं केलं की सीनियरला सांगण्याची निकड ओसरते. तोपर्यंत रुग्णाचा वेळ जातो. सुई टोचली तरी तसंच: साबणपाण्याने धुवा, पिळू नका, कळवा, आणि एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करा.

ड्युटी संपल्यावरही रुग्ण डोक्यातून जात नसेल तर चांगल्या शोमरोन्याची गोष्ट शेवटपर्यंत वाचा. त्याने वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेलं, एक रात्र सांभाळलं. दुसऱ्या दिवशी दोन दिनार देऊन उतारशाळेच्या मालकाला काय करायचं ते सांगितलं, परत येतो म्हणाला आणि स्वतःच्या कामाला निघाला. इतका उत्तम हँडओव्हर (रुग्ण पुढच्याकडे सोपवणं) मला दुसरा माहीत नाही. तुमचा हँडओव्हरही तसाच लेखी करा: कोण सिरियस, कुठला रिपोर्ट यायचाय, पोटॅशियमची तपासणी पुन्हा कधी पाठवायची, ब्लड बँकेत काय अडकलंय. कागद दिल्यावर मनात ‘प्रभू, आता हे तुझ्या आणि याच्या हाती’ म्हणा आणि फोन सायलेंट करा. अर्धवट हँडओव्हर दिलेल्याला प्रार्थनेनेही झोप लागत नाही.

रुग्णाबरोबर प्रार्थना करावी का? त्याने किंवा नातेवाइकांनी मागितली तरच. सरकारी वॉर्डातल्या माणसाला ॲप्रनवाल्याला नाही म्हणणं जमत नाही, म्हणून आपणहून विचारणंसुद्धा दबावच ठरतो. मागितली तर काम उरकून, परवानगी घेऊन, अर्धा मिनिट. बरं होण्याचं वचन त्यात द्यायचं नाही.

पीडियाट्रिक्सवाले हे वाचत असतील तर एनआयसीयूतला (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातला) एक प्रसंग सांगून ठेवतो. बाळ जायला टेकलंय, ख्रिस्ती आईबाप बाप्तिस्मा मागतायत आणि फादर वेळेत पोचत नाहीत. कॅथलिक शिस्तीत अशा वेळी योग्य हेतू असलेला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो: बाळाचं नाव घेऊन, डोक्यावर पाणी ओतत, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. सिस्टरला सांगा, सिरिंजमध्ये थोडंसं कोमट स्टेराइल वॉटर घ्या आणि ओतल्यावर लगेच कोरडं पुसा, कारण ओल्या डोक्याचं अपुऱ्या दिवसांचं बाळ झपाट्याने गार पडतं. नंतर चर्चला कळवा, म्हणजे नोंद होते. काही मंडळ्या तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत, म्हणून आईबापांनी न मागता कधीच नाही.

सीनियर शिव्या देत असेल, शिक्षा म्हणून ड्युटी वाढवत असेल तर ‘दुसरा गाल’ सांगून गप्प बसवणारे भेटतील. योहान 18:23 बघा. प्रमुख याजकासमोर थोबाडीत मारणाऱ्याला येशूने ‘मला का मारतोस?’ असं विचारलं. तारीख-वेळेसह लिहून ठेवा, गाइडशी बोला, नाही ऐकलं तर कॉलेजची अँटी-रॅगिंग समिती, मार्ड (निवासी डॉक्टरांची संघटना) किंवा रॅगिंगविरोधी हेल्पलाइन 1800-180-5522. मनातून क्षमा आणि लेखी तक्रार दोन्ही एकाच वेळी करता येतात.

आणि हे नीट वाचा. दोन रात्री पुरती झोप मिळाल्यावर गाणं गुणगुणावंसं वाटलं, घरी फोन करावासा वाटला, तर तो थकवा होता. दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटतंय, वेळ असूनही झोप येत नाही, जेवण नको वाटतं, मरणाचे विचार येतात, तर हा आजार आहे. सायकियाट्रिस्टला दाखवा, हवं तर आपलं कॉलेज सोडून बाहेरच्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर रात्रीसुद्धा मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, आजच फोन करा आणि रूममेटला सांगून ठेवा. ‘विश्वास कमी पडला’ असं कुणी म्हणालं तर त्या माणसाशी हा विषय पुन्हा काढू नका. एलीयाला देवाने तसं म्हटलं नव्हतं.

नाताळाचं आताच ठरवा. ड्युटीची यादी लावणाऱ्या सीनियरला दिवाळीआधीच सांगा की लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या ड्युट्या मी घेते, त्याबदल्यात 24 ची रात्र आणि 25 मोकळी द्या. ही अदलाबदल सगळ्यांनाच सोयीची असते, म्हणून सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त ग्रुपवर लेखी घ्या. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) दर वर्षी बदलतात आणि ते यादी करणाऱ्याच्या लक्षात नसतं. त्या तारखाही त्याच मेसेजमध्ये टाका.