इंग्लंडमधील कौन्सिलची सोशल केअर सेवा सुधारण्यासाठी सुरुवात कोठून करावी?

इंग्लंडमध्ये एकट्या राहणाऱ्या आपल्या वृद्ध मावशींना कौन्सिलची, म्हणजे तेथील स्थानिक स्वराज्य संस्थेची, सोशल केअरची (रोजच्या देखभालीची) मदत अपुरी पडते असे सांगून, ही सेवा सुधारण्यासाठी कौन्सिलने सर्वप्रथम काय करावे, असे आपण विचारले आहे. घरी येऊन सेवा देणाऱ्या केअररच्या पाळ्या लावण्याचे काम मी येथे काही वर्षे केले आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, दोष कायद्यापेक्षा कौन्सिल ही सेवा विकत कशी घेते, त्यात अधिक आहे.

२०१४ चा केअर ॲक्ट बराच उदार आहे. मदतीची गरज दिसणाऱ्या कोणाही प्रौढ व्यक्तीचे असेसमेंट, म्हणजे गरजांची तपासणी, तिची आर्थिक स्थिती कशीही असो, कौन्सिलला करावेच लागते आणि तिची देखभाल करणाऱ्या नातेवाइकालाही स्वतंत्र असेसमेंटचा हक्क आहे. खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न त्यानंतर येतो. २३,२५० पौंडांहून अधिक बचत असणाऱ्याला सामान्यतः सर्व खर्च स्वतः करावा लागतो, मात्र घरीच सेवा घेणाऱ्याच्या राहत्या घराची किंमत त्यात धरली जात नाही. ही मर्यादा २०१० पासून तशीच ठेवणे मला अन्यायाचे वाटते, परंतु ती वाढवणे कौन्सिलच्या नव्हे, केंद्र सरकारच्या हाती आहे.

कौन्सिलच्या हाती आहे ते कंत्राट. बहुतेक केअरर कौन्सिलचे नोकर नसून खासगी किंवा सेवाभावी संस्थांकडे काम करतात, आणि कौन्सिल या संस्थांना अनेकदा प्रत्यक्ष घरात घालवलेल्या मिनिटांचेच पैसे देते. दोन घरांमधील प्रवासाचा वेळ किमान वेतनाच्या नियमांनुसार कामाचाच वेळ असतो. पण कंत्राटाच्या दरात तो पुरेसा धरला नसेल, तर संस्था भेटी एकमेकींना चिकटवून लावते, केअरर धावपळीत उशिरा पोहोचते, अंघोळ घालते आणि दोन शब्द बोलण्याआधीच निघून जाते. अर्ध्या तासाहून कमी वेळाची भेट केवळ ओळखीच्या केअररने, ठरावीक कामासाठी आणि मोठ्या नियोजनाचा भाग म्हणूनच द्यावी, असे आरोग्य व सोशल केअरबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या नाइस या संस्थेने २०१५ मध्येच सुचवलेले आहे. म्हणून कौन्सिलने प्रवासाचा वेळ दरात धरावा, एका संस्थेला एकमेकांलगतच्या वस्त्या द्याव्यात आणि महिन्याभरात एका घरी किती वेगवेगळे केअरर गेले, याची नोंद मागावी. ही नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला रोज नवा चेहरा पाहणे फार जड जाते, आणि भूक मंदावली आहे किंवा पाय सुजला आहे, हे रोज येणाऱ्यालाच कळते.

दुसरी सुधारणा असेसमेंटच्या वेळची. मावशींना इंग्रजीत मोकळेपणी बोलता येत नसेल, तर दुभाषी मागावा. मुलगा किंवा सून भाषांतर करत असताना घरातला जाच कोण सांगणार? चर्चेत सहभागी होणे फारच अवघड असेल आणि साथ देणारे योग्य माणूस नसेल, तर स्वतंत्र ॲडव्होकेट (वकील नव्हे, तर तिचे म्हणणे मांडायला मदत करणारी व्यक्ती) नेमणे कायद्याने बंधनकारक आहे.

तूर्त आपण मावशींच्या संमतीने केअर प्लॅनच्या (कोणती मदत केव्हा द्यायची याच्या आराखड्याच्या) फेरआढाव्याची लेखी मागणी करावी आणि चुकलेल्या वा उशिरा झालेल्या भेटींच्या तारखा सोबत जोडाव्यात. “ती एजन्सीची चूक आहे” असे उत्तर आले तरी मागे हटू नये. कौन्सिलने लावून दिलेल्या सेवेची जबाबदारी कौन्सिलवरच राहते. तक्रारीनंतरही दाद न मिळाल्यास स्थानिक शासन व सोशल केअर ओम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, विनामूल्य जाता येते, परंतु अडचण लक्षात आल्यापासून साधारणतः बारा महिन्यांच्या आत.