मातोश्रींची झडप आणि मुदत ठेव

मुलुंडच्या वाचकाचा प्रश्न असा आहे: ७१ वर्षांच्या मातोश्रींची महाधमनीची झडप अरुंद झाली असून ती बदलायची आहे. मांडीतील धमनीतून झडप बसवण्याचा, म्हणजे ‘टावी’चा, अंदाज १९ लाखांचा, तर लहान छेदाच्या शस्त्रक्रियेचा साडेसात लाखांचा आहे. विमा १० लाखांचा असल्याने टावीसाठी उरलेल्या ९ लाखांकरिता मातोश्रींची ठेव मोडावी का?

लहान छेदाच्या शस्त्रक्रियेत उरोस्थीचा, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाचा, वरचा भागच उघडला, तरी हृदय थांबवून हार्ट-लंग मशीनवर काम करावे लागते. जुनी झडप कापून नवी टाके घालून बसवतात. टावीत हृदय चालू असतानाच जुन्या झडपेच्या आत नवी उघडतात, त्यामुळे रुग्ण लवकर हिंडू-फिरू लागतो. महाग आहे ती मुख्यतः झडप. म्हणून खोली स्वस्त घेऊन फार बचत होणार नाही, देशी बनावटीच्या झडपेचा दर मात्र जरूर विचारावा.

अमेरिकेच्या २०२० च्या वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ६५ ते ८० या वयात दोन्ही मार्ग खुले असतात. निवड सीटी स्कॅन, इतर आजार आणि रुग्णाची इच्छा पाहून होते. फुप्फुसे, मूत्रपिंडे किंवा एकूण अशक्तपणा यांमुळे शस्त्रक्रिया धोक्याची ठरत असेल, तर ठेवीचा विचार करत बसू नये. पण हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन या दोघांनीही, एकत्र बसून, धोका कमी असल्याचे सांगितले, तर केवळ लहान जखमेसाठी ९ लाख खर्च करणे मला पटत नाही. जैविक, म्हणजे प्राण्यांच्या ऊतीपासून बनवलेली, झडप साधारण १० ते १५ वर्षांत झिजते आणि शस्त्रक्रियेने बसवलेली झडप पुरेशा मापाची असेल, तर पुढे तिच्या आत टावी करता येते. ठेव त्या वेळेसाठी राहील. अर्थात ठेव मातोश्रींची आहे, तेव्हा आधी त्यांना विचारावे.

आता पॉलिसी. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडल्यास डॉक्टरांची फी व इतर संलग्न खर्चांवर प्रमाणशीर कपात होऊ शकते, मात्र विमा नियामकाच्या नियमानुसार झडपेसारख्या इम्प्लांटच्या किमतीवर ती लावता येत नाही. रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया सुचवली गेल्यास तिच्यासाठी वेगळी उपमर्यादा आहे का, हे तपासावे. आता टॉप-अप, म्हणजे मूळ विम्यावरचा जादा विमा, घेऊन उपयोग नाही, कारण आधीच्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा लागू शकते. टावीच ठरली, तर ठेव मोडण्याआधी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून उचल, मिळतो का ते बँकेत विचारावे, आणि कॅशलेसची पूर्वमंजुरी लेखी हाती आल्यावरच तारीख घ्यावी.