गोळी कुटायचं उंदराला सुचत नाही

प्रश्न : ओपिऑइड (अफूच्या जातीच्या, मॉर्फिनसारख्या) पेनकिलरचं व्यसन लागेल का हे आधी उंदरांवर बघतात असं वाचलं. उंदराला ना टेन्शन ना वाईट संगत, मग त्याच्यात नक्की बघतात काय? आणि त्यावरून माणसाचं कसं ठरवणार?

उत्तर : उंदराला "मजा येतेय का" असं विचारता येत नाही, म्हणून तो औषधासाठी किती राबतो ते मोजतात. मानेतल्या शिरेत बारीक नळी बसवलेली असते, पिंजऱ्यात एक दांडी, ती दाबली की छोटा डोस थेट रक्तात. मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांवर मॉर्फिनची ही पद्धत जेम्स वीक्स यांनी १९६२ मध्ये छापली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. नळीतून नुसतं सलाईन सोडलं तर उंदीर थोड्या दिवसांत दांडीचा नाद सोडतो, मॉर्फिन असेल तर दाबतच राहतो. मग भाव वाढवत न्यायचा, पहिल्या डोसला १ दाब, पुढे २, ४, ६, ९ असं करत, आणि तो कुठे कंटाळून थांबतो ते बघायचं, त्याला म्हणतात ब्रेकपॉइंट.

इथे बरेच जण एक घोळ करतात. औषध बंद केल्यावर अंग दुखणं, जुलाब, बेचैनी हे शरीराला सवय झाल्याचं लक्षण, त्याची टेस्ट वेगळी. मॉर्फिनवर ठेवलेल्या उंदराला नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा परिणाम तोडणारं औषध, टोचलं की तो भिजलेल्या कुत्र्यासारखं अंग झटकतो. डॉक्टरांनी सांगितला तेवढाच डोस बरेच दिवस घेणाऱ्या पेशंटलाही बंद केल्यावर त्रास होतो, पण म्हणून तो लगेच व्यसनी ठरत नाही हो.

संगतीचं म्हणाल तर कॅनडात ब्रूस अलेक्झांडर यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी उंदरांना ऐसपैस जागा आणि सोबती दिले, तर ते एकट्या कोंडलेल्यांपेक्षा मॉर्फिनचं पाणी कमी प्यायले. पुढे सगळ्यांना तसंच दिसलं असं नाही, पण त्यांचा प्रश्न तुमचाच होता.

माझ्या मते खरी अडचण दुसरीकडेच आहे. १९९६ला ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइड पेनकिलरची गोळी बाजारात आली, औषध हळूहळू सुटतं म्हणून गैरवापर कमी होईल असं सांगत, आणि लोकांनी गोळ्या कुटून नाकाने ओढल्या नाहीतर विरघळवून टोचल्या. दांडीचा प्रयोग आतल्या रसायनाबद्दल सांगतो, गोळीचं लोक काय करतील हे त्यातून कसं कळणार? म्हणून पुढे माणसांवरही टेस्ट होते, ज्यांनी आधी नशेसाठी ओपिऑइड घेतलंय अशांना देखरेखीखाली नवं औषध, जुनं माहितीतलं औषध आणि खोटी गोळी, काय दिलंय ते न सांगता देतात आणि आत्ता किती आवडतंय ते ० ते १००च्या पट्टीवर विचारतात.