अमेरिकेत लायब्ररीत उन्हाळ्यात मुलांना फुकट जेवण मिळतं. घरी पगार येत असताना मुलांना तिथे न्यावं का?

न्या. खुशाल न्या. "गरिबांच्या तोंडचा घास काढल्यासारखं वाटतं" असं तुम्ही लिहिलंय. असंच काहीसं मला माझ्या नणंदेने ऐकवलं होतं, म्हणून उत्तर द्यायला बसले.

त्या उन्हाळ्यात नवऱ्याची नोकरी गेली होती आणि माझ्या व्हिसावर मला काम करता येत नव्हतं. घरचा एसी बंद ठेवून आम्ही दिवसभर लायब्ररीत बसायचो. एका दुपारी मुलांना गोष्टी सांगायच्या खोलीत टेबलं मांडली आणि तिथल्या बाईंनी माझ्या धाकटीला जेवायला बोलावलं. मी फॉर्म विचारला, तर फॉर्मच नव्हता. पगार नाही, व्हिसा नाही, काहीच विचारलं नाही. वय 18 पर्यंत असलं की झालं. दूध, सँडविच, सफरचंद. पोरीने अर्धं सँडविच माझ्यापुढे सरकवलं, तर बाईंनी ते हळूच परत तिच्यापुढे ठेवलं. मोठ्यांना त्यातलं चालत नाही. "आईने सकाळपासून काही खाल्लं नाहीये," असं पोरगी त्यांना मराठीतच सांगत राहिली.

रात्री ताईंना, म्हणजे नणंदेला, फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आपल्याला शोभतं का हे?" तेव्हा गप्प बसले. आज सांगते. ही अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कृषी खात्याची योजना आहे, 1975 पासून स्वतंत्र योजना म्हणून चालते. ज्या भागातली निम्मी तरी मुलं शाळेत मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असतात, तिथे येईल त्या प्रत्येक मुलाला वाढतात. कोण गरीब हे मुलांसमोर निवडायला लागू नये, हाच त्यात फायदा. जेवण पुरवणाऱ्या संस्थेला पैसे मिळतात ते मुलांना वाढलेल्या जेवणांच्या हिशेबाने. मुलं रोडावली की ते ठिकाणच बंद पडायची भीती. तुमचं मूल जेवलं म्हणून दुसऱ्याचं उपाशी राहत नाही. उलट ती पंगत टिकते. कुणी "शोभतं का" म्हणालं, तर त्यांना हे तोंडावर सांगा. माझ्यासारखं वर्षानुवर्षं मनात ठेवू नका.

हो, प्रत्येक लायब्ररीत हे नसतं, आधी फोन करा. शाकाहारी असाल तर तेही विचारा. जेवण बहुतेक ठिकाणी तिथेच बसून संपवावं लागतं. काही ग्रामीण भागांत 2023 पासून घरी न्यायची मुभा आहे. काही लायब्ररी मोठ्यांसाठी वेगळ्या पैशांतून सोय करतात, पण त्यावर विसंबू नका, आपला डबा न्या. पोरीला पुन्हा कुणाला समजावत बसायला लागू नये, म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून पोळीभाजी नेत होते.