मनू, ते गाणं कुणीच निवडलं नव्हतं

प्रिय मनू,

शेजारच्या काकांच्या अंत्यविधीहून परत आलीस तेव्हा तुझ्या हातात तिथली छापील पत्रिका होती. काकांच्या आवडीची तीन गाणी लावली, ती त्यांच्या मुलीने निवडली होती, असं तू सांगितलंस. मग विचारलंस, "आई, आपल्या आबांना कोणतं गाणं लावलं होतं? ते कुणी निवडलं?" मी "सांगते नंतर" म्हणून खोकी भरत बसले. तोंडाने सांगायला गेले तर मधेच थांबेन, म्हणून लिहून देते.

आबांचं गाणं कुणीच निवडलं नव्हतं. ते आधीपासून ठरलेलं होतं. आबांच्या वडिलांना तेच म्हटलं होतं, आजोबांनाही तेच म्हटलं असणार. आपलं घर माळकऱ्यांचं. गावात माळकरी गेला की निरोप धाडावा लागत नाही, भजनी मंडळ आपणहून येतं. वीणेकरी पुढे, त्याच्यामागे टाळकरी आणि पखवाज. घरातून उचलताना 'रामकृष्णहरी', वाटेने 'ज्ञानोबा-तुकाराम' आणि कृष्णेच्या काठी पोचलं की तुकोबांचा अभंग: 'आम्ही जातो आपुल्या गावा, आमुचा रामराम घ्यावा.'

यातलं 'आम्ही' कोण, ते बघ. म्हणणारे मागे राहणारे असतात, पण बोलतो तो जाणारा. आबांना बोलता येत नव्हतं, तर गावाने त्यांच्या वतीने रामराम घातला. आबा रोज सकाळी पारावरून जाताना ज्यांना रामराम घालायचे, त्याच माणसांनी. पुढच्या ओळीत 'तुमची आमुची हेचि भेटी, येथुनिया जन्मतुटी' असं आहे. आपली भेट एवढीच, इथून पुढे ताटातूट. यात 'पुन्हा भेटू' नाही. लहानपणी मला ती ओळ फार कठोर वाटायची. आता वाटतं, एवढं स्पष्ट बोलायला त्या क्षणी घरातल्या कुणाला जमलं असतं?

त्या दिवशी मी इथे मेलबर्नला होते, हे तुला ठाऊक आहे. विमान दुसऱ्या दिवशीचं मिळालं आणि तोवर थांबणं शक्य नव्हतं. तुझ्या मामेभावाने फोन चालू ठेवून शर्टाच्या खिशात टाकला होता, त्यामुळे पडद्यावर नुसता काळोख. टाळ मात्र स्वच्छ ऐकू येत होते आणि मधूनमधून त्याचा श्वास. तिकडे दुपार होती, आपल्याकडे संध्याकाळ. मी ओट्यापाशी फोन ठेवून गात होते आणि तू दारात उभी राहून माझ्याकडे बघत होतीस. आई रडत का नाही, गातेय का, असं तुझ्या चेहऱ्यावर होतं. मनू, ते गाणं कुणीतरी खास निवडून लावलेलं असतं तर मी लांबून नुसती ऐकत राहिले असते. ते मला पाठ होतं, म्हणून मला त्यांच्यात उभं राहता आलं. खांदा द्यायला, पाणी पाजायला मी नव्हते. टाळकऱ्यांच्या मागच्या रांगेत मात्र होते.

सगळ्या मराठी घरांत असंच असतं असं समजू नकोस. आपल्याच गावात बौद्ध कुटुंबांत त्रिसरण-पंचशील म्हणतात. शहरात पुष्कळदा ध्वनिमुद्रित भजनच लावतात. मी सांगतेय ते आपल्या घरचं.

आता तू म्हणशील, सगळं ठरलेलंच असेल तर त्यात आपलं काय उरलं? आपलं असतं ते नाव. बारशाचा पाळणा घे. चाल जुनी, 'जो बाळा जो जो रे जो' जुनं, बाळाचं नाव मात्र नवं. लग्नातल्या मंगलाष्टकांची चाल ठरलेली आणि शेवटही ठरलेला, 'कुर्यात् सदा मंगलम्'. मधल्या ओळी मात्र घरातली मावशी नाहीतर काका बसून रचतात आणि त्यांत नवरा-नवरीची, आईवडिलांची, कधी गावांचीही नावं ओवतात.

सगळ्यांत जास्त जागा ओवीत. पहाटे जात्यावर बसून बायका दळायच्या आणि दळता दळता गायच्या. माहेर, भाऊ, लेकीचं सासर, पंढरीची वाट, गेलेली माणसं, सगळं त्यात. जे दिवसा बोलायची सोय नव्हती ते जात्यापाशी बोलता यायचं. खानदेशात बहिणाबाई चौधरी होत्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, ऐन तिशीत नवरा गेला, पदरात मुलं, शेती. त्यांनी रचलं की कपाळावरचं कुंकू पुसलं आणि त्याखाली लपलेली कर्माची रेघ उघडी पडली. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती गाणी उतरवून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत आली. 1951 मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. इतर बायकांच्या ओव्या हवेतच राहिल्या. हेमा राइरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी माणसं जोडून गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आता त्यातल्या पुष्कळ 'पारी' या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाच्या संकेतस्थळावर गाणाऱ्या बायकांच्या आवाजात ऐकता येतात. गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. आपल्या गावाकडे ते आता फक्त लग्नात हळद दळायला बाहेर निघतं. तुझ्या आजीच्या ओव्या मात्र जात्यावाचून चालू राहिल्या, भाकरी थापताना, शेंगा फोडताना.

2012 साली तुला घेऊन मी इकडे निघाले तेव्हा तू एक वर्षाची होतीस. आजी आदल्या दिवशी गप्प होती. तोवर 'विमान' हा शब्द तिला गाण्यातूनच माहीत होता. तुकोबांना वैकुंठाला न्यायला आलेलं विमान, ज्यात बसून गेलेले तुकोबा परत आले नाहीत. तिने मला ते सांगितलं नाही, तिच्या बहिणीने नंतर सांगितलं. निघायच्या सकाळी ती चुलीपुढे बसून डब्यात दशम्या भरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली:

इमान चाललं, ढगाच्या गं वरी,
नात माझी मनू, लेकीच्या मांडीवरी.

वैकुंठाच्या विमानात तिने तुला माझ्या मांडीवर बसवलं आणि ते आमचं विमान केलं. मग डब्याचं झाकण लावून दोन वेळा वरून दाबलं. दुसरी ओळ तिला पुन्हा म्हणता आली नाही.

इथे आल्यावर पहिल्या रात्री रिकाम्या घरात जमिनीवर गादी टाकून तुला निजवत होते. तुला झोप येईना, मलाही. मी बारशाचा पाळणा धरला. त्यात 'पहिल्या दिवशी', 'दुसऱ्या दिवशी' असं एकेका दिवसाचं कडवं असतं. मला पाचव्या दिवसापर्यंतच येत होतं, कारण पुढचं म्हणायला नेहमी आजी आणि आत्या असायच्या. मग सहाव्या दिवशी मी खिडकीतून दिसणारी ट्राम आणली, सातव्या दिवशी थंड वारा, आठव्या दिवशी कोपऱ्यावरचं दूधवाल्याचं दुकान. बाराव्या दिवसाला पोचेतो तू झोपली होतीस. तोच पाळणा पुढे तीन वर्षं रोज म्हटला. तुला तो अजून तसाच ट्रामसकट येतो. खरा पाळणा असाच असतो असं तुला वाटत असेल तर तेही बरोबरच आहे.

पुढच्या महिन्यात आपण ॲडलेडला जातोय आणि घर सोडताना ऐकायची बारा गाण्यांची यादी तू केलीयस. मी ती पाहिली. मनापासून केलीयस, ती तशीच राहू दे, गाडीत आपण सगळी ऐकू. माझं एवढंच मागणं आहे, एखादं गाणं असं असू दे की तुला मला दोघींना येईल आणि त्यात आपल्याला भर घालता येईल. मागच्या अंगणातलं लिंबाचं झाड, तुझी सायकल, जिन्याची मोडकी पायरी, काय हवं ते.

आणि रविवारी आजीला फोन कर. आबा गेल्यापासून ती ओव्या म्हणत नाही, मी विचारलं तर विषय बदलते. तू विचार. नव्या गावाचं नाव सांग. 'मेलबर्न'ला ती अजून 'मेलबन' म्हणते, ॲडलेड तिने आजवर ऐकलेलं नाही. हळू सांग, दोनदा सांग, आणि ती ते नाव तोंडात घोळवायला लागली की फोन ठेवू नकोस.

तुझी,
आई