जुन्या कारखान्याच्या इमारतीत जपलेली शंभर वर्षांची मोटर पुन्हा चालवून बघावी का?

लगेच वीज जोडू नका. त्या काळी तारांवर सुती धागा, कागद आणि शेलॅकचं (लाखेच्या रोगणाचं) इन्सुलेशन, म्हणजे वीजरोधक आवरण असायचं. ते वर्षानुवर्षं ओल शोषतं आणि वीज मिळताच वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारांची गुंडाळी, जळू शकतं. मूळ वाइंडिंग गेलं की पुन्हा मिळत नाही! आधी ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने तपासा. ४०० व्होल्टच्या जुन्या मोटरला दीड मेगाओहमपेक्षा कमी रीडिंग आलं, तर हळूहळू ऊब देऊन ती सुकवावी लागेल. धूळ मात्र हवेच्या झोताने उडवू नका, काही जुन्या इन्सुलेशनमध्ये ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याचे तंतू श्वासात जाणं घातक असतं. बेअरिंगमध्ये ताजं तेल घालून शाफ्ट (मोटरचा फिरता दांडा) आधी हाताने फिरवा.

खरं सांगायचं तर, माझ्या मते ती चालणं तितकं महत्त्वाचं नाही. ती मूळ पायावर, पुली आणि पट्ट्यासकट राहू द्या. छताखालची लांब लाइन शाफ्ट, म्हणजे पट्ट्यांनी सगळ्या यंत्रांना गती देणारा दांडाही शाबूत असेल, तर एकच मोटर यंत्रांची अख्खी रांग कशी चालवायची हे बघणाऱ्याला आपोआप कळतं. मोटर सुटी करून लॉबीत मांडली की हे सगळं हरवतं. आणि नावपट्टीवर कृपया रंग फासू नका. अश्वशक्ती, व्होल्टेज, फेरे आणि बनवणाऱ्याचं नाव तिच्यावरच असतं.