अळ्यांवर संशोधन करायचंय, मग केमिस्ट्री कशी सोडता?

पत्र : मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी हे विषय. थंड देशांतल्या सूचिपर्णी झाडांवरच्या अळ्यांबद्दल वाचलं तेव्हापासून तिला त्यातच संशोधन करायचंय. घरात बरणीत अळ्या पाळते. कढीपत्त्यावरच्या अळ्यांना आंब्याची पानं दिली तर तोंड लावलं नाही, लिंबाची मात्र रात्रीत संपवली, हे सगळं वहीत लिहून ठेवते. पुढच्या वर्षी केमिस्ट्री सोडून झूलॉजी मेजर घेणार म्हणते. आमची टोमॅटोची शेती. यात पोट भरेल का, की बी.एड. करायला सांगू?
– एक पालक, संगमनेर तालुका

नमस्कार.

आधी त्या वहीबद्दल. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले. त्यांच्या पानांतल्या रसायनांवरूनच अळी आपलं अन्न ओळखते. मुलीने कुणी न सांगता हा प्रयोग केला आणि लिहून ठेवला, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. ती वही जपून ठेवा.

आता तिच्या सूचिपर्णी झाडांकडे येतो. पूर्व कॅनडाच्या जंगलांत स्प्रूस बडवर्म नावाची अळी आहे. वसंतात ती कळ्यांत शिरते, मग कोवळ्या सुया, म्हणजे झाडाची सुईसारखी पानं, खाते. साधारण ३० ते ४० वर्षांनी तिची मोठी लाट येते आणि लाखो हेक्टर जंगल उघडंबोडकं होतं. पण तिथल्या क्यूबेक प्रांतात असं दिसलं, की व्हाइट स्प्रूस या सूचिपर्णी जातीचं एक झाड पार खराट्यासारखं झालंय आणि त्याच्या शेजारचं हिरवंगार उभं आहे. माती तीच, अळ्याही त्याच.

फरक सुयांच्या रसायनात निघाला. पिसिन आणि पुंजेनिन हे पदार्थ झाडं बनवतात, पण त्यांना साखरेचा रेणू चिकटलेला असतो. नुसत्या त्या रूपात झाडाचा बचाव होत नाही. तग धरणाऱ्या झाडात एक एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) जोरात काम करतं आणि ती साखर तोडतं. मग मोकळे झालेले पिसिऑल आणि पुंजेनॉल अळीला भोवतात. काही अळ्या मरतात, उरलेल्यांची वाढ रेंगाळते, कोष हलके भरतात. हे एन्झाइम बनवणारं जनुकही २०१५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. आता यात झूलॉजी किती आणि केमिस्ट्री किती, हे तिच्याशेजारी बसून तिलाच मोजायला सांगा.

माझं मत स्पष्ट आहे : केमिस्ट्री मेजर, झूलॉजी मायनर. कीटक ओळखायला ती पुढेही शिकेल, त्याची तिला गोडीच आहे. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पाया मात्र एम.एस्सी.नंतर भरून काढणं फार जड जातं.

पोटाचं विचारलंत. वाट लांबची आहे, हे लपवणार नाही. एम.एस्सी., मग पीएच.डी., म्हणजे नोकरीला लागेपर्यंत वय २८-२९. पण फेलोशिप मिळाली तर पीएच.डी.चा खर्च तुमच्यावर पडत नाही. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. आपल्याकडे हिमाचल-उत्तराखंडात देवदारची पानं फस्त करणारी अळी आहेच, आणि डेहराडूनची वन संशोधन संस्था, शिमल्याची हिमालयीन वन संशोधन संस्था अशा ठिकाणी याच प्रकारचं काम चालतं. जागा थोड्या असतात. म्हणून एम.एस्सी.त जीसी-एमएस यंत्रावर हात बसवायला सांगा. पानातली रसायनं वेगळी करून ओळखणारं हे यंत्र औषध कंपन्यांत, अन्न तपासणीच्या लॅबमध्ये, सुगंधी तेलांच्या उद्योगातही लागतं. संशोधनात जागा नाही मिळाली तरी हात रिकामे राहत नाहीत.

आणि हा विषय तुमच्या शेतापासून लांबचा नाही. टोमॅटोत कामगंध सापळे लावत असाल, निंबोळी अर्क मारत असाल, तर तो धंदा याच शास्त्रावर उभा आहे. सापळ्यातली ल्यूर, म्हणजे वासाने पतंगांना ओढणारी गोळी, कशी बनते, हे तिला शोधायला लावा.

बी.एड. नंतर कधीही करता येतं, त्याची आज घाई नको. मेजर विषयाचा फॉर्म भरायचा असेल तेव्हा मात्र तिच्याबरोबर कॉलेजात जा, आणि आधी केमिस्ट्रीच्या सरांना ती वही दाखवा.